पोट नसलेला बेस

मिस्त्रींना लाकूड दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. मधलं बोट आपोआप वाकतं, त्याचं पेर लाकडावर टक्‌ करून वाजतं आणि मिस्त्री मान तिरकी करून ऐकतात. मग ते लाकूड दाराचं असो, पलंगाचं असो की दवाखान्यातल्या बाकाचं. त्या बाकावर दुसरा पेशंट बसलेला असला तर "जरा उठता का?" म्हणतात, टक्‌ टक्‌ करतात आणि "बसा, बसा, काही नाही," असं सांगून जागेवर जातात. उठलेला माणूस बसतो खरा, पण त्याला उगाचच आपलं दुखणं वाढल्यासारखं वाटायला लागतं.

लग्नाआधी होणाऱ्या सासऱ्यांना भेटायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. सासरे आपल्या कपाटाचं कौतुक सांगत होते. "आमच्या वडिलांनी समोर उभं राहून करून घेतलंय. एकसंध फळी!" मिस्त्रींनी टक्‌ केलं आणि म्हणाले, "तीन तुकडे आहेत. मधला आतून पोकळ झालाय." सासऱ्यांनी कपाटाचं दार लावून टाकलं. कोपऱ्यात बसलेला मुलीचा धाकटा भाऊ तेवढा तोंडावर हात ठेवून हसला. लग्न तरीही झालं, आणि मिस्त्रींचा या मेहुण्यावर त्याच दिवशी जीव जडला. पुढे याच मेहुण्याने तो जीव टांगणीला लावला.

मिस्त्री इलेक्ट्रिक गिटार आणि बेस बनवतात. बेस म्हणजे गिटारीचा थोरला भाऊ. तारा चार, पण जाडजूड, मान लांब आणि आवाज खालच्या मजल्यावरून आल्यासारखा. वर्कशॉप म्हणजे एका लाँड्रीच्या पाठीमागचं लांबट गोदाम. मधली भिंत सामाईक. अलीकडे वाळलेलं लाकूड आणि पलीकडे दिवसभर वाफ. लाकडाने वाफ पिऊ नये म्हणून मिस्त्रींनी त्या भिंतीला आधी प्लास्टिक, त्यावर थर्माकोल आणि त्यावर जुनी सतरंजी ठोकली आहे.

"एवढं पांघरूण तर मी माझ्या आईलाही घालत नाही," लाँड्रीवाला म्हणतो.

"तुमच्या आईची मान वाफेने वाकत नाही ना?"

"अहो, मानेचाच तर त्रास आहे तिला!"

गिटारीतही सगळा त्रास मानेचाच. एका बाजूने ताणलेल्या तारा तिला रात्रंदिवस पुढे ओढत असतात. म्हणून मिस्त्री मान एका लाकडाची न करता पट्ट्या एकमेकींना चिकटवून करतात. शेजारशेजारच्या पट्ट्यांचे रेशे उलटसुलट ठेवतात, म्हणजे एक डावीकडे वळायला लागली की दुसरी तिला आवरते. आत पोलादी सळई घालतात, आणि ती सळई स्क्रूने आवळून मान सरळ राखतात. फळ्या तर वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असतात.

"या कधी वापरणार?" एखादं गिऱ्हाईक विचारतं.

"हलायच्या थांबल्या की."

"हलतात?"

"तू बघत नसतोस तेव्हा."

मग अंग कापायचं, त्यात राउटर नावाच्या कोरायच्या यंत्राने पिकअपसाठी खोल्या खणायच्या, मानेवर फ्रेटचे आडवे धातूचे पट्टे ठोकायचे आणि ते सगळे एका उंचीवर येईपर्यंत कानशीने घासायचे. एक जरी केसभर वर राहिला तरी तार तिथे जाऊन कुरकुरते. मानेच्या वरच्या टोकाला हाडाची एक बारकी पट्टी बसते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. तिचं नाव नट. "नावाप्रमाणेच आहे," मिस्त्री सांगतात. "काम मिनिटभराचं, पण नीट उभा राहिला नाही तर अख्खा खेळ पडतो."

हे सगळं झालं की वाद्य खिडकीपाशी वहिनींच्या टेबलावर जातं. या मिस्त्रींच्या सौभाग्यवती. लग्नाआधी त्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायच्या. आता लोहचुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळून पिकअप तयार करतात. तारेची थरथर या पिकअपमध्ये विजेची होते आणि तिथून स्पीकरकडे जाते. गावभरचे वादक त्यांना 'वायरवाल्या वहिनी' म्हणतात. नवराबायकोत वाद एकच आहे आणि तो लग्नापासून चालू आहे. मिस्त्री म्हणतात, आवाज लाकडाचा. वहिनी म्हणतात, आवाज कॉइलचा.

"तुमचं लाकूड म्हणजे माझी कॉइल टांगायची खुंटी."

"मग टांग की दाराला! वाजव दार!"

"वाजवून दाखवीन हं. आणि लोक टाळ्या वाजवतील."

वादक येतात ते या वादात तेल ओतायलाच. मुळात वादकाचं मत म्हणजे एक स्वतंत्र दुखणं आहे. त्यांना आवाजाबद्दल सरळ बोलताच येत नाही. कुणाला आवाज 'ओलसर' हवा असतो, कुणाला 'खरखरीत पण आतून मऊ'. एकाने सांगितलं होतं, "मिस्त्री, हिचा आवाज असा वाटतो, जसं कुणीतरी शेजारच्या खोलीत आपल्याबद्दल चांगलं बोलतंय, पण दार बंद आहे." मिस्त्रींनी ऐकून घेतलं, पेचकस घेतला, पिकअप दोन आटे वर उचलला. "उघडलं," वादक म्हणाला. "दार उघडलं!" वहिनींनी मिस्त्रींकडे बघितलं. पिकअप त्यांचा होता. मिस्त्रींनी नजर सतरंजीकडे वळवली.

थोडक्यात, वादकांची भाषा मिस्त्रींना येत होती. एका वादकाची सोडून.

तो म्हणजे त्यांचा मेहुणा. कपाटाच्या वेळी हसलेला तो मुलगा मोठा होऊन बेस वाजवायला लागला, आणि असा वाजवायला लागला की गावातले इतर बेसवाले तो स्टेजवर असताना आपली बोटं खिशात ठेवायचे. खाली, खर्जात रमणारा म्हणून त्याला सगळे खर्जराव म्हणू लागले. वय वाढलं, अंग भरलं, नाव जास्तच शोभायला लागलं. खर्जराव सूर जपून वाजवतात आणि शब्द त्याहून जपून. तीन शब्दांवर काम भागत असेल तर चौथा ते तोंडातून काढत नाहीत.

असे हे खर्जराव कारखान्यात बनलेला एक परदेशी बेस वाजवायचे. सख्ख्या बहिणीच्या घरी बेस बनतात आणि हा बाहेरचा वाजवतो, याचं शल्य मिस्त्रींना किती होतं हे फक्त वहिनींना माहीत. कारण मिस्त्रींनी पहिला बेस केला होता तो या मेहुण्यासाठीच. खर्जरावांनी तो तासभर वाजवला, उलटसुलट केला, परत दिला आणि म्हणाले, "लाकूड चांगलंय. टेबल झालं असतं."

पुढची कित्येक वर्षं मिस्त्री टेबलावर जेवायला बसले की त्यांचा घास अडायचा. गावातल्या निम्म्या वाद्यवृंदांत त्यांच्या गिटारी होत्या, लांबून लोक पत्ता शोधत यायचे, पाठीवर थाप मारायचे. मिस्त्री मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, 'तुम्ही ठीक आहे हो. तो काय म्हणतो?'

आणि मग एक दिवस खर्जराव आपण होऊन आले. गावातल्या मोठ्या सभागृहाचं नूतनीकरण झालं होतं आणि शनिवारी तिथला पहिलाच कार्यक्रम त्यांच्या वाद्यवृंदाचा होता. ते दारातच उभे राहिले.

"भाऊजी, एखादा तयार आहे?"

मिस्त्रींच्या हातातली कानस खाली पडली. तयार होता. नेहमी असायचा. दर वर्षी ते एक बेस मनातल्या मनात मेहुण्यासाठी करायचे आणि कुणी विचारलं की "तो द्यायचा नाही" म्हणायचे. यंदाचा अक्रोडाचा होता, सपाट पाठीचा, फक्त तेल पाजलेला.

खर्जराव स्टुलावर बसले. बेस मांडीवर आडवा घेऊन वाजवू लागले. मिस्त्री उभे होते, पण उभं कसं राहायचं असतं हे विसरल्यासारखे. एका हाताने त्यांनी वहिनींच्या खुर्चीची पाठ धरली होती आणि ती खुर्ची हलत होती. "अहो, मी पडेन," वहिनी पुटपुटल्या.

खर्जराव थांबले. "मान छान." मिस्त्रींचे डोळे भरून आले. "वजन छान." वहिनींनी पदराआड, म्हणजे पदर नव्हता म्हणून ओढणीआड, नवऱ्याला कोपर मारलं. मग खर्जरावांनी सगळ्यात जाड तार एकदा वाजवली, ती विरेपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "पोट नाही."

"आं?"

"पोट नाही, भाऊजी. शुक्रवारी येतो." आणि गेले.

आता इथे वर्कशॉपमधली एक गोष्ट सांगायला हवी. गिटारीच्या किंवा बेसच्या पाठीला वरच्या बाजूने एक खोलगट उतार देतात. वाद्य गळ्यात अडकवलं की वादकाचं पोट त्या खोलगट भागात बसतं, कड बरगडीला टोचत नाही. मिस्त्री या उताराला 'पोट' म्हणत. "या गिटारीला पोट काढलंय." "त्या बेसला पोट ठेवलं नाही." रोजचा शब्द. त्यामुळे खर्जराव "पोट नाही" म्हणाले तेव्हा मिस्त्रींनी मेहुण्याच्या पाठमोऱ्या, ऐसपैस आकृतीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"माझ्या कसं लक्षात आलं नाही! त्याला सपाट पाठ कशी चालेल? बघ ना केवढं…"

"माझ्या भावाच्या पोटावर बोलायचं काम नाही," वहिनी म्हणाल्या.

"बोलत नाही. माप हवंय."

"विचारा की त्याला."

"विचारलं तर तो पोट आत ओढून घेईल! माप घेताना कुणी पोट सोडून उभं राहिलंय का कधी? मला त्याचं वाजवतानाचं पोट हवंय. बेसावध."

मानेचा बाक उतरवून घ्यायला मिस्त्री सोल्डरची जाड तार वापरायचे. ती दाबाल तशी वाकते आणि वाकेल तशी राहते. ती तार पर्समध्ये घालून वहिनी भावाच्या घरी गेल्या. भाऊ सोफ्यावर आडवा होऊन झोपला होता. वहिनींनी हळूच तार पोटावर ठेवून दाबली.

एक डोळा उघडला. "काय?"

"मुंगी होती."

डोळा मिटला. वहिनी खूश होऊन परतल्या. मिस्त्रींनी तार टेबलावर ठेवून बघितली आणि डोकं हलवलं. "हे झोपलेलं पोट आहे. ते बाजूंना पसरतं. उभं पोट खाली उतरतं."

"तुम्ही लाकडाचं बोलताय की माझ्या भावाचं?"

"जिनसा वेगळ्या, नियम तोच."

वहिनी परत गेल्या. या वेळी भावाला कपाटावरचा डबा काढून द्यायला सांगितलं. त्याचे हात वर गेले तसं त्यांनी "हलू नकोस, शर्टाला दोरा लोंबतोय," म्हणत तार गच्च दाबून घेतली.

"ताई."

"काय रे?"

"दोरा मोठा दिसतोय."

"मोठाच आहे. तू डबा काढ."

डबा निघाला. तो रिकामा होता, पण खर्जरावांनी त्याबद्दल शब्द खर्च केला नाही.

मग मिस्त्री कामाला लागले. बेस पालथा घालून पेन्सिलीने आकार काढला. आधी जाड कानस, मग बारीक, मग पोलादी पट्टीने खरवडणं, मग पॉलिश पेपर. मधूनमधून तार लावून बघायचे. मेहुण्याचं पोट अक्रोडात उलटं उमटत होतं. जास्त खोल जायची भीती होती, कारण पुढच्या बाजूने पिकअपच्या खोल्या खणलेल्या. मिस्त्री पेराने टक्‌ करून उरलेल्या लाकडाची जाडी ऐकायचे. शेवटी हाताला कुठे कड लागेना. तेल पाजल्यावर रेशे असे खुलले की लाँड्रीवाला बघायला आला आणि हात फिरवून म्हणाला, "इथे कुणीतरी बसून गेल्यासारखं वाटतंय."

शुक्रवारी खर्जराव आले. मिस्त्रींनी बेस पाठीकडून पुढे धरला.

खर्जरावांनी त्या खोल उतारावरून बोट फिरवलं. "हे कुणी खाल्लं?"

"पोट! तूच म्हणालास ना, पोट नाही."

"आवाजाला."

"काय आवाजाला?"

"आवाजाला पोट नाही म्हणालो, भाऊजी." आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा खर्जराव सलग वाक्यं बोलले. "खालचा सूर पोकळ वाटला. भरीव हवा होता. लाकूड जास्त पाहिजे होतं. तुम्ही असलेलं काढलं?"

खिडकीपाशी वहिनींचं कॉइल गुंडाळायचं यंत्र थांबलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मग टेबल हलायला लागलं. मग त्या "मुंगी!" एवढंच म्हणाल्या आणि ओढणीत तोंड खुपसून बसल्या.

मिस्त्रींना हसू येत नव्हतं. काढलेलं लाकूड भुसा होऊन केराच्या डब्यात गेलं होतं. ते परत लावता येत नाही. मेहुणा एकदा, एकदाच, आपल्या पायांनी आला होता, आणि आपण त्याचं पोट मोजत बसलो. त्यांनी बेस हळूच टेबलावर ठेवला.

"चूक माझी. उद्या तू आपला जुनाच घे. हा राहू दे."

 

वहिनी डोळे पुसत उठल्या. "हे बघ, माझ्या नवऱ्याने तुझ्या पोटासाठी दोन दिवस जेवण धड घेतलं नाहीये. आता काढलंच आहे तर एकदा गळ्यात तरी अडकव. बसून नको. उभा राहा."

ताईपुढे खर्जरावांचं कधीच काही चाललेलं नाही. ते उभे राहिले, पट्टा खांद्यावर घेतला. बेस खाली सरकला आणि त्यांच्या अंगाला असा जाऊन बसला, जसं डब्याला झाकण बसावं. कुठे फट नाही. खर्जरावांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी बेस स्पीकरला जोडला आणि जाड तार वाजवली.

शर्टाचं मधलं बटण थरथरलं.

त्यांनी खाली बघितलं. परत वाजवली. मग आणखी खाली गेले, सगळ्यात खालच्या सुरावर थांबले आणि डोळे मिटून घेतले. तो सूर विरला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आलं," खर्जराव म्हणाले.

"काय आलं?"

"पोट."

मिस्त्री गोंधळले. त्यांच्या कानाला आवाज तसूभरही बदललेला नव्हता. त्या दिवशी होता तोच होता. वहिनी मागून डोळे वटारून 'गप्प बसा' सांगत होत्या. पण ज्या माणसाला सासऱ्याच्या कपाटापुढे गप्प बसता आलं नव्हतं, तो इथे कसला बसतोय?

"अरे, आवाज तोच आहे रे. मी काही…"

"तुम्हाला बाहेरून ऐकू येतो, भाऊजी," खर्जराव म्हणाले. "मला आतून येतोय." आणि पुन्हा वाजवायला लागले. लाँड्रीवाल्याने पलीकडून भिंत ठोकली तेव्हा थांबले. थांबले ते बेस गळ्यातून काढायला नाही, तर त्याची पिशवी कुठे आहे हे विचारायला.

शनिवारी सभागृहात मिस्त्री खुर्ची सोडून भिंतीला टेकून उभे राहिले. वहिनींनी बसायला सांगून बघितलं आणि नाद सोडला. भिंतीला नवीन लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या, पण मिस्त्रींनी एकदाही टक्‌ केलं नाही. हात दोन्ही छातीशी घट्ट धरून ते स्टेजवरच्या त्या अक्रोडाकडे बघत होते. कार्यक्रम कसा झाला हे त्यांना विचारू नका. त्यांनी चार तारांपलीकडे काही ऐकलंच नाही. शेवटी सगळे वादक पुढे येऊन वाकले तेव्हा खर्जराव वाकले नाहीत. त्यांनी बेस उलटा केला आणि त्याची पाठ लोकांना दाखवली. लोकांना काही कळलं नाही, पण कोपऱ्यात बसलेल्या बेसवाल्यांना कळलं.

सोमवारपासून वर्कशॉपला रांग. सगळ्यांना पोट हवं. एक काडीसारखा बेसवाला आला आणि हटून बसला. मिस्त्रींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुला काढून देतो रे. पण त्यात तू ठेवणार काय?"

सगळं असं झकास चाललेलं असताना वहिनी एक दिवस भावाच्या घरून तणतणत आल्या. डॉक्टरांनी खर्जरावांना वजन उतरवायला सांगितलं होतं आणि खर्जरावांनी नकार दिला होता.

"का म्हणे?"

"म्हणतो, आवाज जाईल! डॉक्टर म्हणाले रक्तदाब, तर हा म्हणतो बेस. हे तुमचं लाकूड! माझी कॉइल असल्या भानगडी करत नाही कधी."

मिस्त्री त्याच पावली मेहुण्याकडे गेले. हा आवाज आपण आयुष्यभर मागत होतो हे खरं, पण मेहुण्याच्या रक्तदाबावर तो नको होता. त्यांनी खर्जरावांना समोर उभं केलं. "हे बघ. तू पोट कमी कर. तू जेवढा आत जाशील तेवढा मी बेस बाहेर आणीन. फट पडू देणार नाही. शब्द."

खर्जरावांनी विचार केला. "लाकूड?"

"कॉर्क. पातळ थर. तुझ्या मापाने."

तेव्हापासून खर्जराव सकाळी चालायला जातात, आणि शर्ट सैल वाटायला लागला की बेस घेऊन वर्कशॉपला येतात. उभे राहतात, वाजवतात. मिस्त्री बेस आणि पोट यांच्या मध्ये बोट घालून बघतात, कॉर्कचा एक थर चिकटवतात, घासतात, परत गळ्यात देतात. वहिनी वजनाचा आकडा विचारतात, तो मिळत नाही.

परवा असाच तिसरा थर बसला. खर्जरावांनी जाड तार वाजवली, डोळे मिटले, उघडले.

"डावीकडे जास्त झालं."

मिस्त्रींनी कानस उचलली, बेस पालथा घातला, कॉर्कवर कानस टेकवली. आणि मग हात तसाच ठेवून त्यांनी मान वर केली.

"थांब. नीट सांग. डावीकडे म्हणजे तुझ्या, बेसच्या की आवाजाच्या?"